पाठबळ : ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात ज्या पाच नद्यांचा उगम पूज्य मानला जातो, त्यांपैकी कृष्णा व कोयना ह्या दोघींचे भाग्य काही निराळेच आहे. उगमापाशी एकत्र असलेल्या ह्या भगिनी लगेच एकमेकींचा निरोप घेतात. कृष्णा पूर्वेस उतरून वाईच्या घाटांना स्पर्श करीत सखल प्रदेशात जाते. कोयना सह्याद्रीची कास न सोडता दक्षिणेकडे धावते, हेळवाकापाशी एकाएकी पूर्वेस वळते, आणि कऱ्हाड येथे दोघी समोरासमोर येऊन एकमेकींस भेटतात. ह्या प्रीतिसंगमाच्या परिसरात, कऱ्हाडापासून जवळच, गोळेश्वर नावाचे लहानसे गाव आहे. ज्या पाण्याचा पहिला थेंब आम्ही आमच्या डोंगरावर पाहतो, त्याच पाण्याच्या काठी स्वतंत्र भारतास ऑलिंपिक सामन्यांतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा मल्ल जन्मास आला. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

थोरांचे चरित्र सांगताना त्यांच्या मनाचे गुण वर्णावे आणि देहाची गोष्ट दोन वाक्यांत आटोपावी, अशी आपल्याकडे रीत आहे. परंतु मल्लाच्या चरित्रात हा प्रकार शोभत नाही. त्याचा देह हीच त्याची लेखणी, आणि तोच त्याचा ग्रंथ. म्हणून आम्ही आज खाशाबांच्या जीवनक्रमाबरोबरच, त्यांची विद्या शरीराच्या ज्या भागावर उभी होती त्या खुब्याची व नितंबाची रचनाही आमच्या बालवाचकांस थोडक्यात सांगणार आहो. पैलवान म्हटला की मुलांची दृष्टी त्याच्या दंडाकडे व छातीकडे जाते. खरे बळ बहुधा दृष्टीआड, पाठीमागे असते. ही गोष्ट देहाविषयी जितकी खरी आहे तितकीच खाशाबांच्या आयुष्याविषयीही खरी आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल. घरात शेती आणि अंगणात कुस्ती, असा तो काळ होता. वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी ह्या मुलास मातीत उतरविले. पुढे १९४० ते १९४७ पर्यंत त्यांचे शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. त्याच काळात, १९४२ साली, सातारा जिल्हा स्वातंत्र्याच्या चळवळीने पेटून उठला होता. ह्या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देण्याची व त्यांची पत्रे पोचविण्याची कामे केली. देश स्वतंत्र झाला तेव्हा आपला ध्वज ऑलिंपिकच्या मैदानावर फडकलेला पाहावा, ही आकांक्षा त्यांच्या मनात रुजली.

शाळेनंतर ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येचे माहेरघर. शाहू महाराजांनी बांधविलेले खासबागेचे मैदान, पेठापेठांतील तालमी, तांबड्या मातीत तेल, ताक व हळद मिसळून सिद्ध केलेले हौदे आणि पहाटेच्या अंधारात घुमणारे शड्डू, अशा वातावरणात त्यांची विद्या वाढीस लागली. बाबूराव बलवडे व बेलापुरे गुरुजी ह्यांचे मार्गदर्शन त्यांस लाभले. खाशाबा अंगाने धिप्पाड नव्हते. कॉलेजातील खेळांच्या मेळाव्यात त्यांच्याकडे पाहून हा कुस्ती खेळणारा गडी आहे असे कोणास सहज वाटले नसते. परंतु त्यांची चपळाई विलक्षण होती, आणि एकदा पकड बसली की त्यांच्या कमरेचा झटका प्रतिपक्ष्यास सावरू देत नसे.

हा झटका येतो कोठून, हे समजण्यासाठी आता आपण तालमीतून क्षणभर शारीरशास्त्राच्या वर्गात जाऊ.

धडाचा सर्व भार पाठीचा कणा वाहतो आणि तो भार खाली एका अस्थिमय पात्रात ठेवतो. ह्या पात्रास श्रोणि म्हणतात. त्याच्या मागील बाजूस त्रिकास्थी हे पाचरीसारखे हाड असते व दोन्ही अंगांस एकेक रुंद नितंबास्थी असते. कमरेवर हात टेकून आपण उभे राहतो तेव्हा जी कड हातास लागते, ती ह्या नितंबास्थीची वरची धार होय. बाकावर ताठ बसले असता जी दोन टणक टोके बुडाशी जाणवतात, ती तिचीच खालची टोके. उभे असताना ह्या टोकांवर स्नायूंचे जाड आवरण असते. बसताना ते आवरण वर सरकते, आणि म्हणून लाकडी बाकावर दोन तास काढणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या हाडांची ओळख आपोआप पटते.

मोठ्या माणसात ही नितंबास्थी एकसंध दिसते, तरी मुळात ती तीन हाडांची बनलेली असते. वरचे रुंद पंख्यासारखे, खालचे बसण्याचे आणि पुढचे जघनाचे, अशी ही तीन हाडे खुब्याच्या खळग्यात एकत्र येतात. बालवयात त्यांच्यामध्ये मऊ कूर्चेचा सांधा असतो व तो कुमारवयाच्या उत्तरार्धात भरून येतो. म्हणजे आमच्या खालच्या वर्गांतील पुष्कळ वाचकांचा खुबा अद्याप घडत आहे! व्यायाम नेमाने करावा, परंतु कोवळ्या वयात आपल्या शक्तीबाहेरचे ओझे उचलण्याची पैज मारू नये, असे जाणते वस्ताद सांगत आले, त्यात हाच शहाणपणा आहे.

ज्या खळग्यात ही तीन हाडे मिळतात त्याचा आकार उखळीसारखा असतो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे वाटोळे असून ते ह्या उखळीत खोल बसते. खांदाही असाच उखळीचा सांधा आहे, पण त्याची उखळी उथळ. म्हणून खांद्यास फिरण्याचे स्वातंत्र्य अधिक, आणि निखळण्याचे भयही अधिक. खुब्याने थोडे स्वातंत्र्य देऊन पुष्कळ स्थैर्य घेतले आहे. त्याच्या पुढील बाजूस, उलट्या धरलेल्या बेचक्याच्या आकाराचा जो बंध आहे, तो मनुष्याच्या देहातील सर्वांत बळकट बंध समजला जातो. ताठ उभे असताना हाच बंध धडास मागे कलू देत नाही, आणि त्यामुळे स्नायूंस फारसे कष्ट न देता आपण उभे राहू शकतो. वाटोळे टोक व मांडीचा दांडा ह्यांस जोडणारी तिरपी मान मात्र निमुळती असते. उतारवयात हाडे विरळ झाली म्हणजे साध्या पडण्यानेही ही मान मोडते. आजीचा खुबा मोडला असे आपण घरी म्हणतो, तेव्हा बहुधा ह्या मानेचाच भंग झालेला असतो.

आता हाडांवरील स्नायू पाहू. कुल्ल्याचा जो भरीव आकार बाहेरून दिसतो तो मुख्यतः महानितंब स्नायूचा. मनुष्यदेहातील हा सर्वांत मोठा स्नायू होय. वानरांत तो इतका पुष्ट नसतो. मनुष्य दोन पायांवर उभा राहिला, धावू लागला व डोंगर चढू लागला, त्याबरोबर ह्या स्नायूचे महत्त्व वाढले. गंमत अशी की सपाट रस्त्यावर सावकाश चालताना त्यास फारसे काम नसते. वाकलेली मांडी मागे नेऊन देह उचलावयाचा असेल, तेव्हा तो जागा होतो. जिना चढताना, उकिडवे बसून उठताना, धावताना आणि उडी घेताना त्याचा खरा उपयोग. सपाटीवरच्या मुलास ह्या स्नायूची आठवण क्वचित होत असेल. आम्हां डोंगरकड्यावर राहणाऱ्यांस बाजारातून घरी येतानाच ती होते. चढणीवर चालता चालता पाठीमागे हात लावून पाहावे, प्रत्येक पावलासरशी तो स्नायू कठीण होतो व पुन्हा सैल पडतो.

त्याच्याखाली, थोडा वर व बाहेरच्या अंगास, मध्यनितंब स्नायू असतो आणि त्याच्याही खाली लघुनितंब. ह्या दोघांचे काम दिसावयास लहान, पण फार मोलाचे. आपण एक पाय उचलतो तेव्हा त्या बाजूची कंबर निराधार होऊन खाली झुकावयास हवी. ती झुकत नाही, कारण टेकलेल्या पायाच्या बाजूचे हे दोन स्नायू श्रोणीस ओढून समतोल ठेवतात. एका पायावर उभे राहून त्याच बाजूच्या कमरेखाली बोटे ठेवली तर त्यांचा ताण हातास कळतो. ते दुर्बल झाले तर मनुष्य प्रत्येक पावलागणिक हेलकावे खात चालतो. आणखी खोल जागी सहा लहान स्नायू मांडीस बाहेरच्या अंगास फिरवितात. त्यांच्यामधून शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू पायाकडे उतरतो. त्यास पीडा झाली म्हणजे कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत जी कळ उतरते तिला आपले वैद्य गृध्रसी म्हणतात. कुल्ल्यास सुई टोचावयाची झाल्यास डॉक्टर वरचा व बाहेरचा भागच निवडतात, तो ह्या मज्जातंतूस इजा पोचू नये म्हणून.

ही रचना ध्यानात घेतली म्हणजे तालमीतील बैठकांचा अर्थ उलगडतो. बैठक मारताना देह खाली जातो तेव्हा महानितंब स्नायू दोर सोडावा तसा हळूहळू सैल होत भार तोलतो, आणि वर येताना तोच आकुंचन पावून देह उचलतो. शेकडो बैठकांनी मांडी तर पुष्ट होतेच, परंतु तिच्याही मागे कमरेचा हा दगडी पाया घडत असतो. जगातील प्राचीन लोकांसही ह्या स्थानाचे महत्त्व ठाऊक होते. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची रात्रभर चाललेली झोंबी आहे. तीत त्यास नमविण्यासाठी हाताला किंवा मानेला नव्हे, तर जांघेच्या सांध्यालाच स्पर्श होतो, व तो लंगडत पहाट पाहतो, हे आमच्या वाचकांस स्मरत असेलच.

खाशाबांचा आवडता डाव ढाक. कलाजंग, धोबीपछाड, भारंदाज, एकलांगी अशी आपल्या मल्लविद्येत डावांची मोठी मांदियाळी आहे. त्यांत ढाक हा धाडसाचा डाव. प्रतिपक्ष्याच्या मानेस हाताचा विळखा घालावयाचा, पापणी लवते न लवते तोच वळून आपला खुबा त्याच्या कमरेखाली सारावयाचा, आणि त्यास आपल्या कमरेवरून पुढे फेकावयाचे. ह्यात जो वळला पण खाली गेला नाही, तो फसला. शरीराचा भारमध्य नाभीच्या खालच्या अंगास, श्रोणीतच असतो. आपला खुबा प्रतिपक्ष्याच्या भारमध्याच्या खाली गेला, तर खुबा हा तरफेचा टेकू होतो व आपल्याहून जड माणूसही उचलला जातो. तो वर राहिला, तर सगळा भार आपल्याच पाठीवर येतो. वळताना टेकलेल्या एका पायावर कंबर समतोल ठेवण्याचे काम मध्यनितंब स्नायूचे. उचलण्याचे काम महानितंबाचे. हात केवळ दोराचे काम करतात. लहान चणीचे खाशाबा मोठमोठ्यांस चीत करीत, त्यामागील रहस्य हे असे होते. त्यात जादू काही नव्हती. पाया खोल होता व वेळ अचूक साधली जात होती.

१९४८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला आणि खाशाबा सर्वांत हलक्या, ५२ किलोच्या वजनगटात उतरले. तेथे त्यांस नवीच अडचण भेटली. आपली कुस्ती मातीची, तेथील गादीची. मातीत पायाची बोटे रुतवून जोर घेता येतो, गादीवर तो आधार मिळत नाही. आपल्याकडे पाठ मातीस लागली की निकाल लागला, तेथे गुणांचा हिशेब आणि नियमांचे जाळे. रीस गार्डनर नामक प्रशिक्षकांनी त्यांची चपळाई हेरून त्यांस गादीवरील कुस्तीचे धडे दिले. अशा अल्पशा तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलिया व अमेरिका ह्या देशांच्या मल्लांस हरविले. पुढे इराणच्या मल्लापुढे त्यांस हार खावी लागली, आणि ते सहाव्या क्रमांकावर आले. गोळेश्वरच्या मातीतून प्रथमच गादीवर गेलेल्या बावीस वर्षांच्या तरुणास हे यश कमी नव्हते. परंतु त्यांचे समाधान झाले नाही. परत येताच त्यांनी पुढील सामन्यांची तयारी आरंभिली, आणि ह्या वेळी आणखी वरच्या, ५७ किलोच्या गटात उतरण्याचा निश्चय केला.

पुढील सामने १९५२ साली फिनलंडच्या हेलसिंकी शहरी होते. तेथे जाण्याची वाट मात्र कुस्तीहूनही बिकट निघाली. निवडीच्या वेळी आपणांस न्याय मिळाला नाही असे खाशाबांस वाटले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावण्यात आली, आणि ती जिंकून त्यांनी आपली जागा मिळविली. त्यानंतर प्रश्न आला पैशाचा. सरकारदरबारी केलेल्या याचनेस वेळेवर फळ आले नाही. तेव्हा गोळेश्वर व कऱ्हाड भागातील लोक पुढे सरसावले. ज्यास जे जमले ते त्याने दिले. तरीही रक्कम अपुरी पडली, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारे गुरुजन किती असतील, ह्याचा विचार आमच्या वाचकांनी क्षणभर थांबून करावा. हेलसिंकीच्या गादीवर खाशाबा एकटे उभे राहिले असे दिसले, तरी त्यांच्या पाठीमागे एक सबंध गाव, एक कॉलेज व एक गहाण पडलेले घर उभे होते. आपल्या भाषेत ह्यासच पाठबळ म्हणतात. शरीराचा सर्वांत मोठा स्नायूही पाठीमागेच असतो, व त्याचा धनी आरशात त्यास पाहू शकत नाही.

हेलसिंकी येथे कॅनडा, मेक्सिको व जर्मनी ह्या देशांच्या मल्लांस खाशाबांनी पराभूत केले. जपानच्या शोहाची इशी ह्याच्याशी त्यांची झुंज अटीतटीची झाली व ती थोडक्यात हुकली. हाच इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह ह्याच्याशीही त्यांस लढावे लागले. ह्या प्रसंगाविषयी अशी हकीकत सांगण्यात येते, की एक दीर्घ व थकविणारी कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांस पुन्हा गादीवर बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. परंतु त्यांच्या वतीने तो नियम दाखवून भांडणारा आपला एकही अधिकारी त्या क्षणी जवळ नव्हता. दमलेल्या स्नायूस विश्रांती न मिळाली तर तो आज्ञा ऐकत नाही, मग मन कितीही खंबीर असो. ती कुस्ती त्यांच्या हातून गेली. गावाने पाठबळ दिले होते. ऐन मोक्याच्या घटकेस ते देण्याचे काम ज्यांचे होते, ते मात्र जागेवर नव्हते.

तथापि २३ जुलै १९५२ रोजी कांस्यपदक खाशाबांच्या गळ्यात पडले. त्या वर्षी हॉकीच्या संघाने सुवर्णपदक आणले, पण एकट्या खेळाडूने मिळविलेले स्वतंत्र भारताचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक. त्यानंतर असे वैयक्तिक पदक पुन्हा मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले, म्हणजे मध्ये ४४ वर्षे लोटली. एवढ्या एका आकड्यावरून त्या पदकाची किंमत समजून यावी.

ते परत आले तेव्हा कऱ्हाड भागात दिवाळी झाली. शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल, लेझीम, गुलाल व फटाके ह्यांच्या गजरात, एरवी थोड्या वेळात संपणाऱ्या वाटेला कित्येक तास लागले. परंतु आमच्या मते खाशाबांचे मोठेपण मिरवणुकीत नसून तिच्यानंतरच्या त्यांच्या पहिल्या कृत्यात आहे. त्यांनी कोल्हापुरास कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः त्यात उतरून कुस्त्या जिंकल्या, आणि जमलेली रक्कम प्राचार्यांच्या हाती देऊन त्यांचे घर सोडविले. जगाने गळ्यात पदक घातले असताना ज्यास प्रथम गुरूच्या घराची आठवण होते, त्याच्या कीर्तीस वेगळ्या दागिन्याची गरज काय?

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. पुढील, म्हणजे १९५६ सालच्या मेलबर्न येथील सामन्यांत सुवर्णपदक मिळवावे, अशी त्यांची उमेद होती. परंतु गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने ती उमेद मोडली. येथेही शरीररचना आपणांस काही सांगते. खुब्यास खोल उखळी आहे, जाड स्नायूंचे कवच आहे. गुडघ्यास ह्यांतले काहीच नाही. दोन लांब हाडांची टोके एकमेकांवर टेकलेली, व ती बंधांच्या व कूर्चांच्या भरवशावर सावरलेली. मल्लाच्या देहात खुबा हा गडाचा बालेकिल्ला आहे, तर गुडघा ही उघडी माची. बालेकिल्ला शाबूत असताना माची पडली, आणि मोहीम तेथेच थांबली.

पोलीस खात्यात त्यांनी सुमारे २७ वर्षे सेवा केली. खात्याच्या स्पर्धा जिंकल्या, तरुणांस शिकविले, आणि सहायक पोलीस आयुक्त ह्या पदावरून ते निवृत्त झाले. १९८२ साली दिल्लीस आशियाई सामने भरले तेव्हा ज्योत वाहून नेणाऱ्यांत त्यांचाही समावेश होता. परंतु हयातीत राष्ट्राचा कोणताही मोठा क्रीडा-सन्मान त्यांच्या वाट्यास आला नाही, आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांस झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. उभ्या आयुष्यात ज्यास पाडण्यासाठी जगातील मल्लांस घाम गाळावा लागला, त्यास एका क्षणाच्या अपघाताने नेले.

मृत्यूनंतर मात्र आठवण जागी झाली. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मिळाला. इसवी सन २००० चा अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर देण्यात आला. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या आखाड्यास २०१० साली त्यांचे नाव देण्यात आले. गोळेश्वर येथील त्यांच्या घराचे नाव ऑलिंपिक निवास असे आहे. हे सर्व योग्यच झाले. परंतु हेलसिंकी येथे विश्रांतीचा नियम दाखविणारा एक मनुष्य, आणि निवृत्तीनंतर वेळेवर हाती पडलेले वेतन, ह्या दोन साध्या गोष्टींची भरपाई मरणोत्तर सन्मानांनी होत नाही, हेही आम्ही नमूद केल्यावाचून राहू शकत नाही.

बालमित्रहो, तुमच्यापैकी फार थोडे मल्ल होतील. ऑलिंपिकला जाणारा एखादाच निघेल, आणि निघाला तर आम्हांस आनंदच होईल. परंतु खाशाबांच्या चरित्रातील दोन गोष्टी सर्वांच्याच उपयोगी आहेत. पहिली देहाची. बाहेर दिसणाऱ्या अवयवांचे कौतुक थोडे कमी करावे आणि पायाची काळजी अधिक घ्यावी. सकाळी दहा-वीस बैठका, जमेल तेव्हा पायी चढण, आणि अभ्यासाच्या वेळी बाकावर पोक काढून न बसणे, एवढ्याने घडत असलेला खुबा नीट घडेल. यंत्राच्या गाडीतून शाळेच्या दारापर्यंत येणाऱ्या मुलांस ही गोष्ट आम्ही विशेष अगत्याने सांगतो, व त्यांच्या मातापित्यांसही.

दुसरी गोष्ट मनाची. तुम्ही परीक्षेत, खेळात वा पुढे संसारात जेव्हा एखादा जड प्रसंग ढाकेवर घेऊन पलटवाल, तेव्हा तो आपण एकट्याने पलटविला असे मानू नका. पहाटे उठून डबा करणारी आई, फीसाठी आपली गरज मागे ठेवणारे वडील आणि शाळा सुटल्यावरही थांबून राहणारे शिक्षक, ही तुमच्या पाठीमागची बळे होत. ती आरशात दिसत नाहीत. आणि पुढे जेव्हा तुम्ही स्वतः अधिकाराच्या जागी बसाल, तेव्हा दूरदेशी एकट्या उभ्या राहिलेल्या कोणा खाशाबासाठी वेळेवर उठून उभे राहा. कृष्णा व कोयना आमच्या डोंगरावरून वेगळ्या होऊन ज्या गावाशेजारी पुन्हा मिळतात, तेथल्या ह्या मल्लाचे स्मारक दगडाचे नसले तरी चालेल. ते अशा पाठबळाचे असावे.